टोपणनावाचे सत्य

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींची जी अखंड पाषाणातील मूर्ती उभी आहे, ती दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने घडवून घेतली. मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या लेखांत त्याचे नाव आहे, आणि त्यांतील मराठी लेख आपल्या भाषेच्या अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. चावुंडरायाला ‘समरधुरंधर’, ‘वीरमार्तंड’ अशी रणांगणावर मिळवलेली बिरुदेही होती. परंतु मूर्तीचे जे नाव जगभर गेले ते या बिरुदांतून आलेले नाही. लोक तिला ‘गोम्मटेश्वर’ म्हणतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले प्राकृताचे थोर पंडित डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी या शब्दाचा शोध घेतला आणि असे प्रतिपादन केले की, ‘गोम्मट’ हे चावुंडरायाचे घरगुती नाव होते. त्याचा अर्थ देखणा, प्रसन्न. मराठीतला ‘गोमटा’ हा शब्द त्याच कुळातला. गोम्मटाचा जो ईश्वर तो गोम्मटेश्वर, आणि आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी त्याच्यासाठी रचलेला ग्रंथ तो ‘गोम्मटसार’.

म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी कौतुकाने मारलेली हाक एका महान मूर्तीला आणि एका महान सिद्धांतग्रंथाला मिळाली. हजार वर्षांत ते नाव कोणाला थिल्लर वाटले नाही.

आज घराघरांत या प्रश्नाने वेगळे रूप घेतले आहे. नातू मोबाईलवर वाचून एखादी माहिती सांगतो. आजोबा विचारतात, ‘‘हे लिहिले कोणी?’’ उत्तर म्हणून एक विचित्र नाव येते, अर्धे शब्द आणि अर्धे आकडे. आजोबा चष्मा काढून ठेवतात. ‘‘ज्याला स्वतःचे नाव सांगण्याची हिंमत नाही, त्याचे काय ऐकायचे?’’ नातवाला वाटते, आजोबांना जग कळत नाही. आजोबांना वाटते, नातवाला माणूस कळत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद शांतपणे तपासण्यासारखा आहे.

हाकेचे नाव आणि दाखल्यावरचे नाव

जुन्या कुटुंबांत एका माणसाला अनेक नावे असत. पाळण्यातले एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि हाकेचे तिसरे. बाळू, बंडू, छबू, तात्या, आक्का या नावांनी माणसे आयुष्य काढीत. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाला गाव ‘बाळू’ म्हणूनच ओळखे आणि त्या बाळूच्या शब्दावर हजारोंची उधारी चाले, पंचकल्याणक महोत्सवाचा खजिना त्याच्याकडे विश्वासाने सोपवला जाई. असा माणूस निवर्तला की, निधनवार्तेत दाखल्यावरच्या नावापुढे कंसात हाकेचे नाव छापावे लागते. तसे केले नाही तर कोण गेले, हे गावाला कळत नाही.

कागदोपत्री नावालाही आपण समजतो तितके निराळे मूळ नसते. कोठारी म्हणजे कोठाराची व्यवस्था पाहणारा, भंडारी म्हणजे भांडार सांभाळणारा. कोणा पूर्वजाला त्याच्या कामावरून लोकांनी मारलेली हाक पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाली आणि आज पॅन कार्डावर जाऊन बसली. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या भाऊराव पाटलांना जवळचे लोक ‘अण्णा’ म्हणत, महाराष्ट्र ‘कर्मवीर’ म्हणतो. यांतले एकही नाव जन्मदाखल्यावरचे नव्हे, पण दोन्ही नावे ऐकताच मनात तोच माणूस उभा राहतो.

मराठी भाषेने या गोष्टीची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. नाव ‘ठेवणे’ एका दिवसाचे, बारशाच्या दिवसाचे. पुढे ते नाव ‘काढायचे’ असते, ‘राखायचे’ असते, किंवा माणूस ते ‘घालवतो’. नावाची किंमत ठरवणारी ही सारी क्रियापदे बारशानंतरच्या वर्तनाची आहेत.

नामसत्य

जैन चिंतनाने या प्रश्नाचा विचार सूक्ष्मपणे केला आहे. ज्या गोम्मटसाराच्या शीर्षकातच एक घरगुती नाव आहे, त्याच ग्रंथाच्या जीवकांडात सत्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे नामसत्य. त्यासाठी दिलेला दाखला ‘जिनदत्त’ या नावाचा आहे. शब्दाचा अर्थ पाहिला तर जिनदत्त म्हणजे जिनांनी दिलेला. वीतराग जिन कोणाला काही देत नाहीत, हे श्रावकाला ठाऊक असते. तरीही त्या माणसाला जिनदत्त म्हणणे हे असत्य भाषण नव्हे, कारण व्यवहारात त्या नावाने तोच माणूस ओळखला जातो. नावाचे काम ओळख पटवणे हे आहे, आणि ते काम झाले की नाव सत्य ठरते.

या कसोटीवर पाहिले तर टोपणनाव घेणे म्हणजे खोटे बोलणे, हा समज टिकत नाही. एखाद्याने स्वतःला ‘वाटसरू’ म्हणवून घेतले आणि तो घराबाहेर फारसा पडत नसला, तरी त्याने असत्य भाषण केलेले नाही.

मात्र नामसत्य हे नावापुरतेच सत्य आहे. त्याच्या पुढची पायरी तत्त्वार्थसूत्रातील चार निक्षेपांत सापडते: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या मुलाचे नाव इंद्र ठेवले, तर तो नामइंद्र. काष्ठात किंवा पाषाणात इंद्राची प्रतिमा केली, तर तो स्थापनाइंद्र. जो पूर्वी इंद्र होता किंवा पुढे होणार आहे, तो द्रव्यइंद्र. जो आज प्रत्यक्ष इंद्रपदाचे ऐश्वर्य भोगतो, तोच भावइंद्र. चौघांनाही ‘इंद्र’ म्हणता येते, पण कोणत्या अर्थाने म्हणतो आहोत याचे भान सुटले की घोटाळा होतो.

समाजमाध्यमावरील कोणतेही खाते उघडून पाहावे. तेथे वापरकर्त्याचे नाव असते, तो नामनिक्षेप. शेजारी छायाचित्र किंवा चित्र असते, ती स्थापना. खाली दोन ओळींत ‘माजी अमुक’ किंवा ‘भावी तमुक’ असा परिचय असतो, तो द्रव्याचा भाग. आणि त्या खात्यावरून प्रत्यक्ष जे लिहिले जाते, ज्या तऱ्हेने बोलले जाते, तो भाव. आजोबा नावापाशी थांबले आणि नातू चित्रापाशी थांबला. भावापर्यंत दोघांपैकी कोणीच गेले नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण हेच सांगते. कथलाचा वाळा दिसावा म्हणून नजर हातापर्यंत न्यावी लागते.

दीक्षेच्या वेळी नाव बदलते, हेही येथे आठवावे. भोज गावचे सातगौडा पाटील हे पुढे आचार्य शांतिसागर झाले. गुजरातचे चांगदेव दीक्षेनंतर सोमचंद्र आणि आचार्यपदानंतर हेमचंद्र झाले. आचार्य कुंदकुंदांचे नाव पद्मनंदी असे होते, परंतु ते ओळखले जातात त्यांच्या गावावरून. या नव्या नावांना कोणी लपवाछपवी म्हणत नाही. तेथे नवे नाव म्हणजे नवी जबाबदारी असते, आणि ती चारचौघांसमोर स्वीकारलेली असते.

नाव झाकून लिहिलेले खरे

मराठी साहित्याने टोपणनावांना जेवढा मान दिला तेवढा फार थोड्या भाषांनी दिला असेल. विष्णु वामन शिरवाडकर यांचे जन्मनाव गजानन. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. कुसुम या बहिणीचा मोठा भाऊ म्हणून त्यांनी ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले. त्यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. राम गणेश गडकरी कविता लिहीत ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद लिहीत ‘बाळकराम’ म्हणून. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडवीत. ‘ठणठणपाळ’ या नावाइतके हलके नाव दुसरे शोधून सापडणार नाही, तरीही त्या सदरातून सुटण्याची आणि त्यात उल्लेख होण्याची, दोन्ही गोष्टींची लेखकांना सारखीच ओढ असे.

काही टोपणनावांमागे मात्र हौस नव्हती, गरज होती. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. स्वजातीच्या आणि स्वसमाजाच्या दोषांवर त्यांत इतके परखड प्रहार होते की, ‘शतपत्रे’ म्हणून ती आजही वाचली जातात.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका होती विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालते, आईबाप त्यांच्या मिळकतीकडे कसे पाहतात, हे त्या कथांत उघडपणे लिहिले होते. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याचे तर्क सुरू झाले. त्या नावामागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या वेळी स्वतःच एक नोकरी करणारी, अविवाहित तरुणी. त्यांनी दाखल्यावरच्या नावाने लिहिले असते, तर कथांवर चर्चा झालीच नसती. चर्चा झाली असती ती त्यांच्या चारित्र्यावर, त्यांच्या कुटुंबावर. टोपणनावाने एका स्त्रीला झाकले, म्हणून अनेक स्त्रियांचे सत्य उघडे होऊ शकले.

विज्ञानातही असे घडले आहे. डब्लिनच्या एका कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली संख्याशास्त्रातील एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करू नये, असा मालकांचा दंडक असल्याने त्यांनी ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, एवढेच नाव लावले. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कितपत विश्वासार्ह मानावा, हे सांगणारी ‘स्टुडंटची टी-चाचणी’ आज महाविद्यालयांत शिकवली जाते आणि औषधांच्या परीक्षणातही वापरली जाते. गणित बरोबर होते. लिहिणाऱ्याचे नाव तपासून ते अधिक बरोबर झाले नसते.

भारतीय कायदाही टोपणनावाला हसण्यावारी नेत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीला प्रसिद्धीपासून ६० वर्षे संरक्षण आहे, आणि त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाली तर ते त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत मिळते.

मधला संपादक गेला तेव्हा

येथे आजोबांच्या शंकेला उत्तर देणे भाग आहे. लोकहितवादी कोण हे वाचकाला ठाऊक नसले, तरी पत्र छापायचे की नाही हे ठरवणारे संपादक भाऊ महाजन मध्ये उभे होते. झाकलेल्या नावाची हमी एका उघड्या नावाने घेतली होती. जालावर ही मधली व्यक्ती नसते. ‘डॉक्टर’ असे नाव घेऊन कोणीही औषध सुचवू शकतो, ‘गुंतवणूकगुरू’ असे नाव घेऊन कोणीही पैसे दुप्पट करण्याचा मार्ग दाखवू शकतो. जे काम संपादक करीत असे, ते आता वाचकाने स्वतः करायचे आहे.

हे काम कसे होते, याचे चांगले उदाहरण विकिपीडिया. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही असलेल्या या ज्ञानकोशात बहुसंख्य संपादक टोपणनावानेच लिहितात. तेथे नाव कसले आहे याला फारसे महत्त्व नाही. प्रत्येक लेखाला इतिहासाचे पान असते. कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी, कोणते वाक्य घातले किंवा काढले, हे तेथे कोणालाही पाहता येते. दहा वर्षे संदर्भ देऊन लिहिणारे, चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करणारे एखादे टोपणनाव तेथे पत कमावते. बाजारपेठेत एखादी पेढी कमावते तशीच.

आणि पत बुडतेही. ‘एसजे’ या नावाचा इंग्रजी विकिपीडियावरील एक मान्यवर संपादक स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवीत असे. २००६ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी साप्ताहिकाने त्याच परिचयासह त्याच्याविषयी लिहिले. पुढील वर्षी उघड झाले की, तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि त्याच्यापाशी तशी कोणतीही पदवी नव्हती. त्याला ते काम सोडावे लागले. ‘एसजे’ या नावाला कोणाचा आक्षेप नव्हता. तसली हजारो नावे तेथे होती. आक्षेप होता तो त्या नावाला जोडलेल्या खोट्या प्राध्यापकपदाला. नामसत्य कायम होते, भाव खोटा निघाला.

म्हणून एखाद्या अनोळखी टोपणनावावर विश्वास ठेवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. हे नाव किती दिवसांपासून वापरात आहे? पूर्वी त्याने काय लिहिले, आणि ते खरे ठरले का? सांगितलेल्या गोष्टीचा आधार तो दाखवतो का? चूक कबूल करतो का? आणि शेवटचा, व्यापारी घरांत जन्मापासून शिकवला जाणारा प्रश्न: ऐकले तर यात लाभ कोणाचा? औषध आणि पैसा यांच्या बाबतीत एवढ्यानेही भागत नाही. तेथे नोंदणीकृत डॉक्टर किंवा परवानाधारक सल्लागारच हवा, कारण चूक झाली तर जबाब देणारा माणूस समोर असला पाहिजे.

कूटलेख आणि रहस्यभेद

सत्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतला एक कूटलेखक्रिया: जे दुसऱ्याने म्हटले नाही किंवा केले नाही, ते त्याने म्हटले, केले असे फसवण्याच्या हेतूने लिहिणे. एखाद्याचे नाव आणि छायाचित्र लावून खोटे खाते उघडणे, त्यावरून त्याच्या नातेवाइकांकडे पैसे मागणे, एखाद्या मुलीच्या नावाने भलतेसलते लिहिणे, ही सारी आजची कूटलेखक्रिया आहे. टोपणनाव घेणारा स्वतःसाठी नवे नाव घडवतो; कूटलेख करणारा दुसऱ्याचे नाव चोरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनांच्या आधारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा रीतीने पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे. लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

त्याच यादीत रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद हेही आहेत: दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे आणि त्याच्या हावभावांवरून मनातले गुपित ताडून मत्सराने ते जाहीर करणे. टोपणनावाआडून आपले दुःख, आजार किंवा घरातील छळ सांगणाऱ्या स्त्रीचे खरे नाव शोधून काढून ते चारचौघांत सांगणारा माणूस स्वतःला सत्यवादी समजत असेल. अणुव्रताच्या हिशेबात तो अतिचार करीत असतो. तेव्हा कसोटी एकच उरते: हे नाव माणसाला झाकते आहे की खोट्याला? माणसाला झाकत असेल, तर ते झाकण उघडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

घरातील मुले जेव्हा पहिल्यांदा असे नाव घेतात, तेव्हा त्यांची थट्टा करण्यापेक्षा थोडे मार्गदर्शन उपयोगी पडते. नावात जन्मसाल, शाळा, फोन क्रमांक नसावा. जे नाव आजीसमोर मोठ्याने उच्चारता येईल, तेच घ्यावे. आणि नाव घेतले की त्याला पतपेढीतील खात्यासारखे सांभाळावे, कारण त्यात जे जमा होते ते काही वर्षांनी कोणीतरी उघडून पाहणार असते.

ज्या नावाने दुखावले, त्या नावाने क्षमा

या प्रश्नाची खरी परीक्षा पर्युषणाच्या अखेरीस होते. त्या दिवशी मोबाईलवर शेकडो क्षमापनेचे संदेश येतात. पाठवणारा आपल्या दाखल्यावरच्या नावाने सर्वांना एकच मजकूर धाडतो आणि मोकळा होतो. परंतु वर्षभरात जर त्याने दुसऱ्याच एखाद्या नावाने कोणाच्या लेखनाची टवाळी केली असेल, कोणाच्या मुलीच्या छायाचित्राखाली चार शब्द टाकले असतील, एखादी अफवा पुढे ढकलली असेल, तर त्या दुखावलेल्या माणसापर्यंत ही क्षमापना पोहोचतच नाही. त्याला तो माणूस ठाऊक नाही. त्याला फक्त ते टोपणनाव ठाऊक आहे, आणि त्या नावाकडून काहीच आलेले नाही.

टोपणनावाने बोललेला कटू शब्द वाचणाऱ्याच्या मनाला खराच लागतो. तो बोलताना उफाळलेला कषायही खराच असतो, आणि होणारा कर्मबंध ज्याने लिहिले त्यालाच होतो. कर्माच्या वहीत टोपणनावाचा वेगळा खातेदार नसतो. टोपणनाव गंभीरपणे घ्यावे की नाही, या प्रश्नाचे यापेक्षा नेमके उत्तर देता येणार नाही: ज्याने ते घेतले आहे, त्याने तर ते घेतलेच पाहिजे.

येत्या संवत्सरीला किंवा क्षमावणीला, संदेशांची रांग पाठवण्यापूर्वी, अर्धा तास काढावा. आपण घेतलेल्या प्रत्येक नावाचे खाते उघडावे आणि वर्षभराचे लेखन मागे मागे वाचत जावे. जेथे बोट थांबेल, तेथे त्याच नावाने, त्याच ठिकाणी, दोन शब्द लिहावेत. समोरच्याला खरे नाव कळले नाही तरी चालेल. क्षमा त्याच्यापर्यंत पोहोचेल.